ग्रे कोडमधले १ मोजले तर ०१०१, साध्या संख्येतले मोजले तर ०११०१००१: असं का?

प्रश्न ऐरोलीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने ० पासून पुढच्या संख्या द्विमान पद्धतीत लिहिल्या आणि प्रत्येकीत १ किती आहेत ते मोजलं. ती गणती सम असेल तर ०, विषम असेल तर १ मांडल्यावर क्रम आला ०११०१००११००१०११०. नंतर त्याच संख्यांचे ग्रे कोड काढले, म्हणजे न ⊕ (न >> १) (न एक घर उजवीकडे सरकवून मूळ न शी बिटाबिटाने एक्सॉर: दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), आणि त्यांतले १ तसेच मोजले. आता क्रम आला ०१०१०१०१. तिचं म्हणणं असं की ग्रे कोड हा मूळ संख्येपेक्षा गुंतागुंतीचा, मग त्याचीच पॅरिटी (१ ची सम-विषमता) इतकी साधी कशी? या दोन क्रमांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, आणि प्रत्यक्ष कामात त्याचा काय उपयोग?

संबंध आहे, आणि तो एका वाक्यात मावतो. कोणताही द्विमान शब्द (०-१ ची ओळ) घ्या, तो ग्रे कोड आहे असं समजून उलटवा, म्हणजे ग्रेवरून परत साध्या द्विमानात आणा. जी संख्या मिळेल तिचा शेवटचा बिट म्हणजे तुम्ही घेतलेल्या शब्दाची पॅरिटी. तुमचे दोन्ही क्रम याच एका वाक्याची दोन रूपं आहेत. पॅरिटी आणि ग्रे कोड कॉलेजात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात, त्यामुळे हे नातं सहसा नजरेत येत नाही. माझं काम ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत एन्कोडर (फिरणारा दांडा कुठे आहे ते कोडमध्ये सांगणारं उपकरण) आणि पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) बसवण्याचं. हे नातं नीट समजलेलं असलं की डिझाइनमधले काही निर्णय आपोआप योग्य पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उदाहरणासाठी तुमचीच ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर लोकल लाइन घेऊ. ठाणे ०, दिघा गाव १, ऐरोली २, रबाळे ३, घणसोली ४, कोपरखैरणे ५, तुर्भे ६, सानपाडा ७, वाशी ८. गाडीत चार दिवे आहेत आणि ते स्टेशनचा क्रमांक द्विमानात दाखवतात असं समजा. सानपाड्याला ०१११, वाशीला १०००. या एका टप्प्यात चारही दिवे बदलावे लागतात. चौघे एकाच क्षणी बदलत नाहीत, कुणी थोडा आधी तर कुणी थोडा नंतर, आणि मधल्याच क्षणी कुणी वाचलं तर ० ते १५ यांतली कुठलीही संख्या दिसू शकते. म्हणजे गाडी सानपाडा-वाशीच्या मध्ये आणि दिवे म्हणतात ठाणे. ग्रे कोडमध्ये हेच टप्पे ००००, ०००१, ००११, ००१०, ०११०, ०१११, ०१०१, ०१००, ११०० असे येतात. दर टप्प्याला एकच दिवा बदलतो, त्यामुळे अर्धवट क्षणी वाचलं तरी मागचं स्टेशन दिसेल किंवा पुढचं, तिसरं नाही.

ग्रे कोडची पॅरिटी ०१०१ अशी का येते याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. प्रत्येक टप्प्याला नेमका एक बिट बदलतो, म्हणून १ ची संख्या प्रत्येक वेळी एकाने वाढते किंवा एकाने कमी होते. शून्यापासून सुरुवात केली की सम, विषम, सम, विषम असंच चालणार. पण हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण एकच बिट बदलतो हे यात गृहीत धरलं आहे, सूत्रावरून ते दिसत नाही. सूत्रातून थेट दिसणारं कारण जास्त सुंदर आहे.

न ⊕ (न >> १) प्रत्यक्षात काय करतं? प्रत्येक बिटाची त्याच्या डाव्या शेजाऱ्याशी तुलना करतं. दोघे वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०. सर्वांत डावीकडच्या १ च्या शेजारी काही नाही, तिथे ० धरायचा. म्हणजे ग्रे कोडमध्ये जितके १, तितके मूळ संख्येत सलग सारख्या अंकांचे गट. उदाहरणार्थ १२ म्हणजे ११००, त्यात दोन गट, आणि तिचा ग्रे कोड १०१०, त्यात दोन १. आता पाहा: शून्य सोडून कोणतीही संख्या १ च्या गटाने सुरू होते आणि मग ० चा, १ चा, ० चा गट असे आळीपाळीने येतात. गट विषम असतील तर शेवटचा गट १ चा, म्हणजे संख्या विषम. गट सम असतील तर शेवटचा गट ० चा, म्हणजे संख्या सम. झाली सिद्धता.

हे गटांचे आकडे क्रमाने लिहा: ०, १, २, १, २, ३, २, १, २, ३, ४, ३, २, ३, २, १. शेजारच्या दोन पदांत नेहमी एकाचाच फरक. आता फरक +१ असेल तिथे वर आणि −१ असेल तिथे खाली असं लिहा: वर, वर, खाली, वर, वर, खाली, खाली, वर, वर, वर, खाली, खाली, वर, खाली, खाली. एक लांब कागदाची पट्टी घेऊन ती एकाच दिशेने चार वेळा अर्ध्यात दुमडा आणि मग उघडून बघा. पंधरा घड्या दिसतील, त्यांतल्या काही आत वळलेल्या, काही बाहेर, आणि त्यांचा क्रम हाच. (उलटा दिसला तर पट्टी फिरवून किंवा पालथी करून धरा.) ग्रे कोड प्रत्येक पायरीला आधीचा अर्धा भाग उलट्या क्रमाने पुन्हा लिहून तयार होतो, आणि अर्ध्यात दुमडलेली पट्टीही नेमकं तेच करते. दहा मिनिटं काढून हे स्वतः करून बघा. डोळ्यांसमोर आलं की पाठ करावं लागत नाही.

आता उलट दिशा. ग्रे कोड हा शेजाऱ्यांमधला फरक असेल तर त्यावरून मूळ संख्या कशी मिळवायची? फरकांची बेरीज करत जाऊन. सर्वांत डावीकडून सुरुवात करा आणि प्रत्येक जागी इथपर्यंत १ किती आले ते सम की विषम एवढंच लिहीत या. ०१०१ घ्या. डावीकडून ०, मग एक १ आला म्हणून १, मग पुढे ० म्हणून तोच १, मग दुसरा १ आला म्हणून ०. मिळाले ०११०, म्हणजे ६, आणि ६ चा ग्रे कोड खरोखर ०१०१ आहे. या चालत्या बेरजेच्या अगदी शेवटच्या जागी काय उरतं? सगळ्या शब्दातल्या १ ची सम-विषमता. सुरुवातीला सांगितलेलं वाक्य ते हेच.

आता तुमचे दोन्ही क्रम समोर ठेवा. शब्द म्हणून न चा ग्रे कोड घेतला तर उलटवल्यावर न परत येतो, त्याचा शेवटचा बिट ० १ ० १ असाच फिरतो. शब्द म्हणून न स्वतः घेतला आणि तो उलटवला तर ०, १, ३, २, ७, ६, ४, ५, १५ असा क्रम मिळतो. यांचे शेवटचे बिट वाचा: ०, १, १, ०, १, ०, ०, १, १. तुम्हाला वेडावाकडा वाटलेला क्रम तो हाच. मुळात पॅरिटी दोन्हीकडे सारखीच वागते. एकीकडे आपण आधीच एक पाऊल पुढे टाकून ठेवलं होतं म्हणून ती सरळ दिसली, एवढंच.

याचा प्रोग्रामिंगमधला पुरावा मला विशेष आवडतो. आठ बिटांच्या शब्दाची पॅरिटी काढायची एक जुनी युक्ती आहे:

क्ष ← क्ष ⊕ (क्ष >> १)
क्ष ← क्ष ⊕ (क्ष >> २)
क्ष ← क्ष ⊕ (क्ष >> ४)

आणि शेवटी क्ष चा शेवटचा बिट. ग्रेवरून द्विमानात येण्याची युक्ती शोधाल तर याच तीन ओळी सापडतील, फक्त तिथे शेवटचा बिट न घेता पूर्ण क्ष घेतात. हे असं का? पहिली ओळ म्हणजे एकदा ग्रे करणं. ग्रे लागोपाठ दोनदा केलं तर क्ष ⊕ (क्ष >> १) ⊕ (क्ष >> १) ⊕ (क्ष >> २) मिळतं. मधली दोन पदं सारखी, एक्सॉरमध्ये ती एकमेकांना खातात, उरतं क्ष ⊕ (क्ष >> २). म्हणजे दुसरी ओळ एकटीच दोनदा ग्रे करते. त्याच न्यायाने तिसरी ओळ चारदा करते. आणि आठदा केलं तर क्ष ⊕ (क्ष >> ८), पण आठ बिटांच्या शब्दात आठ घरं सरकल्यावर काहीच उरत नाही, म्हणून क्ष जसाच्या तसा परत येतो. आठव्यांदा मूळ जागी येत असेल तर उलटवणं म्हणजे सात वेळा पुढे जाणं. १ + २ + ४ = ७. तीन ओळी पुरतात त्या यामुळे. चार बिटांवर हे हाताने तपासता येतं: १००० चा ग्रे ११००, त्याचा १०१०, त्याचा ११११, त्याचा पुन्हा १०००. चौथ्यांदा घरी.

तुमचा क्रम अर्थातच नवा नाही. त्याला थ्यू-मोर्स क्रम म्हणतात. पूर्णांक क्रमांच्या ऑनलाइन कोशात, जो नील स्लोन यांनी १९६४ मध्ये कार्डांवर सुरू केला, तो ए०१००६० या क्रमांकावर आहे. नॉर्वेचे अॅक्सेल थ्यू यांनी १९०६ आणि १९१२ मध्ये त्याचा एक गुण दाखवला: यात कोणताही तुकडा लागोपाठ तीनदा कधीच येत नाही. अमेरिकेचे मार्स्टन मोर्स १९२१ मध्ये अगदी वेगळ्या प्रश्नातून, वक्र पृष्ठभागांवरच्या वाटांचा अभ्यास करताना, तिथेच पोहोचले. बुद्धिबळपटू मॅक्स यूव्ह यांनी १९२९ मध्ये तो पुन्हा स्वतंत्रपणे शोधला आणि दाखवलं की तोच चालींचा क्रम लागोपाठ तीनदा आला तर बरोबरी, एवढाच नियम असेल तर डाव अनंत काळ चालू शकतो. पुढे १९३५ मध्ये ते जगज्जेते झाले.

पण या सगळ्यांच्या आधी, १८५१ मध्ये, फ्रान्सच्या यूजीन प्रूए यांनी जे केलं ते मला सर्वांत थक्क करतं. ज्या संख्यांत १ ची गणती सम, त्या एका बाजूला (गणिती त्यांना ईव्हिल म्हणतात), विषम त्या दुसऱ्या बाजूला (ओडियस). आपल्या लाइनवर ठाणे, रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे एका बाजूला: ०, ३, ५, ६. दिघा गाव, ऐरोली, घणसोली, सानपाडा दुसऱ्या बाजूला: १, २, ४, ७. बेरीज दोन्हीकडे १४. आता वर्गांची बेरीज करा: ० + ९ + २५ + ३६ = ७० आणि १ + ४ + १६ + ४९ = ७०. तीही सारखी. ० ते १५ घ्या, तर ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५ आणि १, २, ४, ७, ८, ११, १३, १४ यांची बेरीज ६०, वर्गांची ६२० आणि घनांचीसुद्धा ७२००, दोन्हीकडे. चौथ्या घातावर मात्र फरक पडतो, नेमका १५३६ चा. संख्यांची यादी दुप्पट केली की आणखी एक घात जुळतो. यामागचं कारणही फरकच आहे: एका गटातून दुसरा गट वजा करणं म्हणजे बहुपदीचा १, २, ४, ८ अशा अंतरांवर एकामागून एक फरक घेणं, आणि प्रत्येक फरकाने बहुपदीचा घात एकाने उतरतो. घन तीन फरकांत स्थिरांक होतो, चौथ्यात शून्य.

आता कामाचं. ग्रे कोड बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९४७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते मिळालं. त्यांचा विषय आवाजाचं पल्सच्या कोडमध्ये रूपांतर हा होता, एन्कोडरच्या चकत्या नव्हे, पण अडचण तीच: अर्धवट क्षणी वाचलं तर मोठी चूक होऊ नये. आज हाच कोड अॅब्सोल्यूट एन्कोडरमध्ये आहे, आणि दोन वेगळ्या क्लॉकवर चालणाऱ्या सर्किटांमधल्या फिफोच्या (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणाऱ्या रांगेच्या) पॉइंटरमध्येही.

इथे एक गैरसमज मला वारंवार दिसतो, आणि तुमच्या प्रश्नातल्या गणिताने तो मुळातून दूर होतो. लोक समजतात की ग्रे कोड चुका पकडतो. तो पकडत नाही. चार बिटांचे सोळाच्या सोळा शब्द वैध आहेत. धूळ बसून एन्कोडरच्या चकतीवरचा एखादा ट्रॅक (एका बिटाचं वर्तुळ) कायम ० वाचू लागला तरी मिळणारा शब्द वैधच असेल, फक्त चुकीचा. मग कुणी सुचवतं की डिस्कवर पॅरिटीचा एक जादा ट्रॅक छापू. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण विचार करा: ग्रे शब्दाची पॅरिटी म्हणजे स्थानाचा शेवटचा द्विमान बिट, आणि तो प्रत्येक पायरीला बदलतो. म्हणजे आता दर पायरीला दोन ट्रॅक बदलणार, एक ग्रेचा आणि एक पॅरिटीचा. ज्या गुणासाठी ग्रे कोड निवडला तोच गेला. सीमेवर वाचलं की दोघांपैकी एक आधी बदललेला असेल आणि सर्किट खोटी चूक दाखवेल. हे कारागिरीने सुधारता येत नाही. एक बिट चुकला तर कळावं असं हवं असेल तर कोणत्याही दोन वैध शब्दांत किमान दोन बिटांचा फरक लागतो, आणि एका वेळी एकच बिट बदलावा असं हवं असेल तर शेजारच्या शब्दांत एकाचाच फरक लागतो. दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत. म्हणून आधी ग्रे शब्द लॅच करा, मग त्या पकडून ठेवलेल्या शब्दाची पॅरिटी काढून ती तारेवर शब्दाबरोबर पाठवा. पाठवताना झालेली एका बिटाची चूक अशी नक्की पकडता येते.

दुसरा उपयोग वर्तुळाचा. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपला पंधरा स्टेशनांचं फिरतं इंडेक्सिंग टेबल बनवायचं होतं आणि पंधराव्यावरून पहिल्यावर येतानाही एकच बिट बदलेल असा कोड त्यांना हवा होता. असा कोड असूच शकत नाही, कितीही बिट घ्या. प्रत्येक पायरीला पॅरिटी उलटते. पंधरा पायऱ्यांनंतर ती उलटलेली असेल, पण मूळ शब्दावर परत यायचं तर ती मूळचीच असायला हवी. विषम संख्येचं वर्तुळ बंद होत नाही, एवढं सांगायला एक ओळ पुरते. उपाय सोपा होता: वर्तुळाचे तीस भाग करायचे आणि प्रत्येक स्टेशनला लागोपाठचे दोन शब्द द्यायचे. (आपण घेतलेली ठाणे ते वाशी स्टेशनं नऊच आहेत, पण गाडी वाशीहून त्याच वाटेने परत येते, म्हणून तिथे प्रश्न येत नाही.)

सम संख्या असली तरी सरळ ० पासून मोजून चालत नाही. ३६० भागांच्या एन्कोडरला नऊ बिट लागतात, म्हणजे ५१२ शब्द. ० ते ३५९ घेतले तर शेवटाकडून सुरुवातीला येताना एकापेक्षा जास्त बिट बदलतात. म्हणून ७६ ते ४३५ घेतात. ७६ + ४३५ = ५११, आणि ज्या दोन संख्यांची बेरीज ५११ होते त्यांचे सगळे बिट एकमेकांच्या उलट असतात. शेजाऱ्यांमधले फरक मात्र दोघींत सारखेच, म्हणून दोघींचे ग्रे कोड फक्त सर्वांत डावीकडच्या बिटात वेगळे. वर्तुळ व्यवस्थित बंद होतं. असा एन्कोडर पीएलसीला जोडताना उलटवलेल्या संख्येतून ७६ वजा करायचे असतात. नाही केले तर शून्य अंशाला ७६ दिसतात आणि माणूस मेकॅनिकल सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

तुमच्या प्रोग्रामबद्दल दोन गोष्टी. वरच्या तीन ओळी आठ बिटांपुरत्या आहेत. सोळा बिटांना क्ष ⊕ (क्ष >> ८) ही चौथी ओळ लागते, बत्तीसला त्यानंतर १६ ची पाचवी. ही ओळ राहिली तर २५५ पर्यंत सगळं बरोबर येतं आणि चूक नंतरच दिसते, म्हणून चाचणी २५६ च्या पलीकडे न्या: २५६ उलटवल्यावर ५११ यायला हवेत, २५७ उलटवल्यावर ५१०. आणि चल (व्हेरिएबल) चिन्हविरहित (अनसाइन्ड) घ्या. चिन्ह असलेल्या प्रकारात सर्वांत वरचा बिट १ असेल तर उजवीकडे सरकवताना बऱ्याच कंपायलरांत डावीकडून ० ऐवजी १ आत येतात, आणि मग पहिल्या गटाच्या डावीकडे ० धरायचा हा आपला आधारच जातो.